शंभर परवाने आणि पातेलंभर पोहे

सुज्ञ वाचकहो, एका सुविद्य जावयाने आपल्या श्वशुरांना धबधब्याच्या पायथ्याशी नेण्याचे वचन कशा रीतीने पाळले, त्याचा साद्यंत वृत्तांत येथे सादर होत आहे. चित्त स्थिर ठेवून वाचावा.

सन २००६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील अल्फारेटा येथील संगणक अभियंता देवदत्त याने उत्तर जॉर्जियातील एका अरण्यमय स्टेट पार्कमध्ये तंबू ठोकला. सोबत पत्नी चारुता, सासरे पुरुषोत्तमराव, नागपूरकर मित्र राजेश आणि त्याची पत्नी रत्ना अशी मंडळी होती. वनवासाला निघताना दोन कुकर, इडलीपात्र, शेगडी आणि पोळपाट-लाटणे एवढेच काय ते अत्यावश्यक सामान घेतले होते.

पुरुषोत्तमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सारी हयात पाणी अडवण्यात गेली. चार महिन्यांच्या मुक्कामात जावयाने त्यांना नऊ मॉल आणि आपल्या ऑफिसचे भव्य पार्किंग दाखवले. सोमवारी परतीचे विमान होते.

"देवदत्तराव, मोकळं पडणारं पाणी एकदा खाली उभं राहून बघायचंय," एवढेच ते म्हणाले होते.

"डन, बाबा!"

लग्नानंतरच्या सहा वर्षांत सासऱ्यांनी त्याच्यावर सोपवलेले हे पहिलेच काम. ते पार पाडून आपण भरवशाचे गृहस्थ आहोत हे सिद्ध करण्याचा त्याने चंग बांधला.

धबधब्याच्या दरीच्या तळाशी उतरण्यास दिवसाला फक्त शंभर परवाने मिळत. सकाळी आठपासून ज्याने त्याने स्वतः सही करून ते घ्यायचे, असा नियम फलकावर लिहिलेला होता. देवदत्ताने तीन रंगांत वेळापत्रक छापून आणले. 'शनिवार, ७.४५, रांगेत उभे राहणे.' प्रत्येकाला एकेक प्रत देण्यात आली. राजेशने आपली प्रत गरम पातेल्याखाली ठेवली.

शनिवारी सात वाजता पुरुषोत्तमराव बुटांच्या नाड्या बांधून, कानटोपी घालून उभे.

"निघायचं?"

"दहा मिनिटं, बाबा. पोहे होताहेत."

"आणि तर्री?" राजेश गरजला. "तर्रीशिवाय पोहे म्हणजे दवाखान्यातलं जेवण!"

"चणे शिजायचेत अजून," रत्ना म्हणाली. "भिजवायला कोण विसरलं, ते विचारा स्वतःला."

"कुकर लाव ना. धबधबा काय पळून चाललाय, यार?"

"मी वेळेचा बफर ठेवलाय," देवदत्ताने तज्ज्ञाच्या गांभीर्याने सांगितले.

तर्री झाली. मग पोह्यांवर चहा हवा. मग पहिला चहा पाणचट झाला, म्हणून दुसरा. महाराष्ट्रीय मंडळी एकत्र जमली असता उपाशीपोटी उंबरठा ओलांडणे हे महापातक होय. तंबूला उंबरठा नसतो, ही गोष्ट वेगळी. देवदत्ताने ७.४५ खोडून ९.०० केले आणि पुढे 'सुधारित' असे लिहिले.

"बाबा कुठे गेले?" चारुताने विचारले.

"फिरायला गेले असतील. त्यांचे पोहे झाकून ठेव."

परवान्यांच्या खिडकीशी पोचेतो पावणेदहा झाले होते. रेंजरबाईंनी मान हलवली. "शंभर संपले."

देवदत्ताने सासऱ्यांचे वय, सोमवारचे विमान आणि वेळापत्रक ही तिन्ही कारणे इंग्रजीतून मांडली.

"पोहे देऊन बघू का?" राजेश कुजबुजला.

तेवढ्यात चारुताने खिडकीतल्या सह्यांच्या वहीत बोट ठेवले. सातव्या ओळीत वळणदार सही होती. "ही तर बाबांची!"

सारे कड्यावरच्या कठड्याकडे धावले. खोल तळाशी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पुरुषोत्तमराव एका खडकावर बसले होते. चेहरा वर, तुषारांत. देवदत्ताने हाका मारल्या. पाण्याच्या गर्जनेपुढे त्याच्या हाका डासाच्या गुणगुणीइतक्याही ठरल्या नाहीत.

दोन तासांनी म्हातारा धापा टाकत वर आला. अंग ओलेचिंब, डोळे लहान मुलासारखे.

"सॉरी, बाबा. बफर कमी पडला."

"पायऱ्यांशी थांबलो होतो मी. साडेआठपर्यंत मागे वळून बघत होतो, तुम्ही येताय का म्हणून."

देवदत्ताने खिशातले वेळापत्रक काढून उलगडले. एवढा मोठा तक्ता, पण त्यात या वाक्यापुढे बोलायचे काही लिहिलेले नव्हते.

पुरुषोत्तमरावांनी त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "तुम्ही ते पाणी खालून पाहिलंच नाहीत ना अजून? उद्या सहाला उठा. मी नेतो तुम्हाला."

"हो, बाबा," देवदत्त म्हणाला. "उपाशी चालेल."

आपण अमूल्य वेळ खर्चून हे लेखन शेवटापर्यंत वाचलेत, याबद्दल आपले ऋण शिरी धारण करून लेखणी खाली ठेवतो.

आपला कृतज्ञ,
श्रीराम बाबाजी उंडे