फाटकाशेजारची खिडकी

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच बारीक, आणि शिवताना ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवायची. घरात ती आणि सासूबाई, दोघीच.

नवरा गवंडी होता. त्याला एचआयव्ही निघाला तेव्हा त्या आजारावर गोळ्या होत्या, पण त्या खाजगी दुकानात, आणि किंमत ऐकूनच माणूस खाली बसायचा. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे अजून आल्या नाहीत." त्या येईपर्यंत तो टिकला नाही. पुढे सरकारने गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. आजार टाचणीलाही होताच, ती वाचली. सासूबाईंनी तिचं ताट कधी वेगळं केलं नाही, पण मुलाच्या आजाराचं नावही कधी घेतलं नाही. कुणी विचारलं तर "काविळीने गेला," एवढंच.

गोळ्या मिळायच्या त्या मोठ्या शहरात. पहाटेची बस धरायची, दिवसभर रांगेत उभं राहायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. एकदा त्या रांगेत तिला तिच्याच गल्लीतला केळीवाला दिसला.

"मावशीकडे आलो होतो," तो म्हणाला.

"मी पण," टाचणी म्हणाली. मग दोघंही गुपचूप रांगेत पुढे सरकत राहिली.

पुढच्या खेपेला ती आरोग्य अधिकाऱ्याच्या खोलीत गेली. आमच्या गावच्या दवाखान्यात गोळ्या द्या, एवढंच तिचं मागणं होतं. साहेबांनी कागद चाळले. "बाई, तुमच्या गावात रुग्णच नाहीत."

"कसे असतील, साहेब? सगळे तुमच्या दाराबाहेर उभे आहेत, भलतेच पत्ते सांगून."

साहेब हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "हे लेखी द्याल?"

"देते की. खऱ्या नावानिशी."

मध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं, फाइल पुन्हा पहिल्यापासून फिरली. पण शेवटी गावात गोळ्यांची खिडकी आली. दवाखान्याच्या फाटकाला लागून एक खोली रंगवली, बाहेर बाकडं टाकलं आणि वर लांबून वाचता येईल अशी पाटी ठोकली: 'एचआयव्ही उपचार केंद्र'. समोर चहाची टपरी. तिथे बसणाऱ्यांना पेपर वाचण्यापेक्षा पाटीखाली कोण जातंय हे बघण्यात जास्त रस.

टाचणी पहिल्या दिवशी गेली. तिच्यामागे कुणी आलं नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. केळीवाला अजून पहाटेची बसच धरत होता.

दवाखान्याचे डॉक्टर वयाने लहान होते, मनाने चांगले. ते म्हणाले, "ताई, असंच राहिलं तर केंद्र दुसरीकडे हलवतील. वरून विचारणा झाली आहे."

"मग ती पाटी काढा ना."

"पाटी ठळक हवी असा आदेश आहे. माझ्या हातात नाही."

त्या संध्याकाळी काज करता करता तिने सगळं सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या तांदूळ निवडत होत्या. एक खडा बाजूला टाकून पुढचे निवडू लागल्या. सकाळी मात्र पदर खोचून सुनेच्या आधी दारात उभ्या.

"चल. माझं ब्लड प्रेशर बघायचंय."

"आई, ती खिडकी त्याची नाही."

"डॉक्टर तोच आहे ना?"

सासूबाई जाऊन पाटीखालच्या बाकड्यावर ऐसपैस बसल्या. टपरीवरच्या माना तिकडे वळल्या. टपरीवालीला राहवेना. कपबशी हातात घेऊनच ती रस्ता ओलांडून आली. "अहो आजी, चुकलात. ही त्या आजाराची खिडकी आहे."

"वाचता येतं मला," सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा याच आजाराने गेला. कावीळ-बिवीळ काही नव्हती. तेव्हा ही खिडकी नव्हती म्हणून गेला. आता आहे, तर बसते मी."

इतक्या वर्षांत हे वाक्य घरातसुद्धा कुणी उच्चारलं नव्हतं. टाचणी सासूबाईंच्या शेजारी टेकली. टपरीवाली परत गेली आणि दोघींसाठी चहा घेऊन आली.

डॉक्टर खिडकीतून डोकावले. "आजी, ब्लड प्रेशरच्या गोळ्या मागच्या इमारतीत मिळतात."

"इथे द्यायला मनाई आहे?"

डॉक्टरांनी आदेशाचा कागद पुन्हा वाचला. पाटीबद्दल आदेश होता. त्या खिडकीतून दुसरं काही देऊ नका, असं मात्र कुठेच म्हटलेलं नव्हतं. आठवड्याभरात ब्लड प्रेशर, शुगर आणि टीबीच्या गोळ्या त्याच खिडकीत आल्या. बाकडं अपुरं पडायला लागलं. कोण कशासाठी बसलंय ते टपरीवरून कळेना, आणि टपरीवालीलाही आता जाणून घ्यायचं नव्हतं. तिला स्वतःला शुगर होती. त्या गर्दीत एके दिवशी केळीवाला येऊन बसला, सोबत बायकोलाही घेऊन. तिची तपासणी तोपर्यंत झालीच नव्हती.

वर्षभराने गोळ्यांचा तुटवडा पडला. सरकारी खरेदी कुठेतरी अडली होती, आणि खिडकीतून महिन्याऐवजी आठवड्यापुरत्याच गोळ्या मिळू लागल्या. टाचणी पुन्हा साहेबांकडे गेली. या वेळी बरोबर इतकी माणसं होती की खोलीत मावेनात. केळीवाला सगळ्यांत पुढे. साहेबांनी त्यांच्यासमोरच राजधानीला फोन लावला, आवाज चढवला, पुन्हा लावला. खोकी आली ती लसींच्या गाडीतून, थोडी उशिरा, पण कुणाच्या गोळ्या चुकण्याआधी.

"साहेबांचे आभार मानायला जायचं का?" केळीवाल्याच्या बायकोने विचारलं.

सासूबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. "जा ना. आणि पुढची खरेदी कधी आहे, तेही विचारून या," त्या म्हणाल्या.