दातेरी कडांची पट्टी

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेतून लोंबता दोरा सुटत नाही. कमरेसाठी डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या ती मशीनच्या खणात ठेवायची आणि लागेल तशी एकेक कापून घ्यायची. गोळ्यांच्या पट्ट्या हल्ली लवकर संपत होत्या, पण आपलं दुखणंच वाढलंय, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आज मात्र पट्टीची कड दातेरी दिसली. तिचा काप नेहमी सरळ असायचा. ही तर झिगझॅग कात्री!

झालं, डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. तिने तिघींनाही मनातल्या मनात चोर ठरवलं. मग दिराची पाळी आली. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की त्याचीही कंबर दुखायची. पण दीर परगावी गेला, तरी गोळ्या कमी होतच राहिल्या.

घरात उरलं कोण? लेक. सोळा वर्षांची, हल्ली दुपारभर झोपणारी, जेवणाला नाक मुरडणारी. पण आईचा संशय लेकीला वळसा घालून तिच्या चष्मेवाल्या मैत्रिणीवर जाऊन बसला. येते काय, मशीनपाशी घुटमळते काय! त्या कार्टीनेच पोरीला नादी लावलं असणार.

लेक आंघोळीला गेल्यावर तिने दप्तर उलटं केलं. कंपासपेटीतून मूठभर रिकामे, दातेरी तुकडे पडले. ते मुठीत घेऊन ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली.

"त्या चष्मेवालीनंच शिकवलं ना तुला हे?"

केस पुसता पुसता लेक थांबली. "तिला काही बोलू नकोस. तीच सोड म्हणून मागे लागलीये. पण नाही घेतली की अंग ठणकतं, घाम फुटतो. आई, मला भीती वाटते गं."

एवढं ऐकल्यावर ओरडायचं बळ कुणात राहील? मशीनवरचा अर्धा शिवलेला सदरा तसाच टाकून तिने लेकीला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "ही गोळी एकीच्या दुखण्यासाठी, मोजून दिलेली. दुसऱ्या कुणी मनानं घेतली की सवय जडते. आता एकदम बंद करू नकोस, त्रास वाढेल. मी सांगते तशी हळूहळू सोडवू. पण खरं सांग. पहिली कुणी दिली, आणि कधी?"

लेकीने एकदा आईकडे पाहिलं नि मान खाली घातली. "मैत्रिणीनं. महिन्यापूर्वी."

आईला हायसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर. मग स्वतःचीच लाज वाटली. पाच महिन्यांपूर्वी, परीक्षेच्या सकाळी, पोटदुखीने कळवळणाऱ्या पोरीच्या तळहातावर गोळी कुणी ठेवली होती?

"मैत्रिणीनं नाही," ती म्हणाली. "मी दिली. पाच महिने झाले. नंतरही दोनदा मीच दिली."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं 'एक महिना' खोडून 'पाच' लिहिलं.

"तुला बोलतील म्हणून मी..." लेक पुटपुटली.

"बोलू देत," आई म्हणाली.