चाकामागची वीट

मी एक वीट बोलतेय. कुठल्या भिंतीतली नव्हे, कुठल्या पायातली नव्हे. एका जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर पडलेली, कडा झिजलेली, काळपट, एकटी वीट. विटेनं काय बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगायचं तर मलाही आता बोलायचा कंटाळाच येतो. पण उन्हाळा तोंडावर आला की गप्प बसवत नाही.

माझा जन्म कामठीच्या पुढचा, कन्हान नदीच्या काठचा. माती तिथलीच. चिखल तुडवला, साच्यात घातला, उन्हात वाळवला आणि मग भट्टी लावली. भट्टी म्हणजे काय ते तिच्या आत राहिलेल्यालाच कळतं. बाहेरून फक्त थोडा धूर दिसतो. आत मात्र पळायला वाट नसते. उन्हाचं बरं, ते संध्याकाळी तरी उतरतं. भट्टीतला ताप नुसता चढतच जातो. मला आगीच्या फार जवळ रचलं होतं, म्हणून मी जास्त भाजले, काळी पडले, अंगानं जरा वाकडी झाले. पण मी पडले माती. माती भाजली की पक्की होते. जिवंत अंग भाजलं की काय होतं, ते मला पुढे बघावं लागलं.

कामठीच्या देवरावांनी कंपाउंडची भिंत बांधायला काढली, तेव्हा ट्रकभर विटांबरोबर मीही त्यांच्या दारात उतरले. मिस्त्रीनं मला हातात घेतलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि बाजूला टाकलं. "वाकडी आहे," एवढंच म्हणाला. माझ्या बहिणी भिंतीत उभ्या राहिल्या आणि मी फाटकाशी पडून राहिले. विटेवर देव उभा राहतो म्हणतात. माझ्यावर इंदूबाई उभ्या राहायच्या, जास्वंदीची वरची फुलं तोडायला.

देवराव वीज खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी चांगली, एसी तर फारच चांगला, पण हँडब्रेक ढिला. दुरुस्त करू करू म्हणत राहिले आणि तोवर तात्पुरती सोय म्हणून मला चाकामागे लावलं. आपल्याकडे तात्पुरत्या सोयीइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं. गाडी जिथे जाईल तिथे मी. निघताना मला उचलून डिकीत टाकायचे, पोचलं की खाली उतरवून चाकामागे सरकवायचे. बाजार पाहिला, बँका पाहिल्या, नागपुरातल्या सदरची गर्दी पाहिली, सगळं जमिनीवरून.

माझी आणि भुऱ्याची ओळख तिथलीच. भुऱ्या म्हणजे देवरावांचा कुत्रा. लेक रोशनीनं पावसात भिजलेलं पिल्लू घरी आणलं आणि पुढे लग्न होऊन ती चंद्रपूरला गेली. पिल्लू मागे राहिलं. "मले कुत्र्याबित्र्याची आवड नाही," असं देवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि सांगता सांगता आपल्या ताटातली अर्धी पोळी त्याला द्यायचे. गाडी कुठेही थांबली की भुऱ्या उतरून आधी मला हुंगायचा आणि मग पाय वर करायचा. मी काय बोलणार? एवढ्या मोठ्या जगात मला आपलं म्हणणारा तो एकटाच होता.

ते दिवस नवतपाचे होते, मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. नागपूरच्या माणसाला नवतपा सांगावा लागत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलर ओरडत राहतात, माणसं डोक्यातोंडाला दुपट्टे गुंडाळून फिरतात. देवराव तर उन्हाच्या बाबतीत फारच जपून असत. डोक्यावर टोपी, तिच्यावर ओला दुपट्टा, निघताना ग्लासभर पन्हं आणि खिशात कांदा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, यावर त्यांचा भारी विश्वास.

त्या दिवशी सकाळी सदरच्या डॉक्टरांकडे भुऱ्याला वर्षाचं इंजेक्शन द्यायचं होतं. आणि दुपारी प्रताप नगरात, देवरावांच्या मोठ्या चुलतभावाच्या, चंपतरावांच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. दोन्ही कामं एका खेपेत उरकायची ठरली. इंजेक्शन झालं. भुऱ्या शहाण्यासारखा मागच्या सीटवर बसून होता. मंगल कार्यालयासमोर कडुनिंबाची छान दाट सावली सापडली, तिच्यात देवरावांनी गाडी लावली आणि मला चाकामागे सरकवलं.

"याले आत कसं न्याचं?" इंदूबाई म्हणाल्या. "चंपतराव हसतीन."

"आत कायले नेतो? गाडी थंडीगार आहे, सावली आहे. पाच मिनिटांत तोंड दाखवून येतो आपण."

"काच जराशी खाली ठेवा. हवा लागीन त्याले."

"ठेवली ना दोन बोटं."

जाता जाता देवराव थबकले. खिशातला कांदा काढला, काचेच्या फटीतून आत टाकला आणि म्हणाले, "घे रे भुऱ्या, राहू दे तुझ्यापाशी." स्वतःचा कांदा दिला हो त्यांनी. त्या माणसाचं प्रेम कमी होतं असं कुणी म्हटलं तर मला खरंच राग येतो. प्रेम भरपूर होतं. पण बंद गाडी तापते कशी, हे त्यांना माहीत नव्हतं.

एसीची थंडी किती टिकते? चहा कपात गरम राहतो, तेवढी. आणि सावलीला पाय असतात, हे माझ्यासारख्या दिवसभर जमिनीवर पडून असलेल्यांना पक्कं ठाऊक असतं. आधी माझी एक कड उन्हात आली, मग मी सबंध, मग बॉनेट, मग पुढची काच. दोन बोटांच्या फटीनं काहीही होत नाही. काचेतून ऊन आत जातं आणि आतच राहतं. तो ताप मी ओळखला. बाहेर कुणाला काही दिसत नव्हतं. पांढरी गाडी, बंद काचा. भट्टीही बाहेरून अशीच दिसते.

भुऱ्या आधी भुंकला. मग या काचेपासून त्या काचेपर्यंत फिरू लागला, पंजांनी खरवडू लागला. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि त्या धापेबरोबर आत जाते तीच तापलेली हवा. हळूहळू भुंकणं थांबलं. मला त्याच्या धापा तेवढ्या ऐकू येत होत्या.

तिकडे कार्यालयात काय चाललं होतं ते मला पुढे इंदूबाईंच्या तोंडून कळलं. एकदा नव्हे, पुष्कळदा. देवराव खरंच पाच मिनिटांत उठले होते. पण आपल्याकडे उठणाऱ्याला कुणी उठू देतं का?

"असं कसं गा, देवराव! जेवल्याबिगर जाशीन? ताट वाढलं तुझं!" चंपतरावांनी हात धरला, दुपट्टा-टोपी देऊन सत्कार केला आणि पंगतीत बसवलं. देवरावांनी पुन्हा उठायचं केलं, तेव्हा चंपतरावांनी विचारलं, "काहून गा? कायची घाई आहे?"

देवराव अगदी हळू म्हणाले, "गाडीत कुत्रा आहे."

"कुत्र्यासाठी ताट सोडून जातं का गा कोनी? एसी गाडीत बसला तो, आपल्याहून मजेत आहे!"

सगळी पंगत हसली. इंदूबाई सांगतात, देवरावही हसले. आणि बसले.

बाहेर एक मुलगी थांबली होती. मयुरा तिचं नाव. समोरच्या औषधाच्या दुकानातून आईच्या गोळ्या घेऊन निघाली होती. तिनं काचेला डोळे लावून आत पाहिलं आणि ओरडलीच. "कोनाची गाडी आहे?" चार माणसं जमली. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मयुरानं कार्यालयाच्या चौकीदाराला आत पिटाळलं. "माइकवर सांगा, गाडीत कुत्रा मरून राहिला. लवकर!"

चौकीदारानं निरोप नेमका पोचवला. पण माइक ज्याच्या हातात होता तो समजूतदार माणूस होता. शुभकार्यात, नवरीमुलगी पाटावर असताना, माइकवरून मरणाचा शब्द कसा उच्चारायचा? त्यानं निरोप सोज्वळ केला. कर्णा बाहेरही लावलेला होता, त्यामुळे मी तो माझ्या कानांनी ऐकला: "एमएच चाळीस पासिंगची पांढरी गाडी ज्यांची असेल, त्यांनी कृपया गाडी बाजूला घ्यावी, ही विनंती."

असे पुकारे तुम्हीही ऐकले असतील. आणि ऐकून पुढचा घास घेतला असेल. कुणाची तरी गाडी अडली असेल, थांबेल दोन मिनिटं, असं वाटतं. देवरावांनाही तेच वाटलं. इंदूबाईंनी बायकांच्या पंगतीतून डोळ्यांनी खुणावलं, तर त्यांनी हातानंच थांब म्हटलं. मठ्ठा यायचा होता.

भुऱ्या आता सीटवर आडवा झाला होता. तोंडातून दाट लाळ गळत होती. मयुरानं आजूबाजूला पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"अवं बाई, दुसऱ्याची गाडी आहे," कुणीतरी म्हणालं. "भरून द्यावं लागीन."

"देईन भरून. सरका!"

तिनं मला चाकामागून ओढलं, तशी गाडी मागे सरकायला लागली. तेव्हा कुठे त्या बघ्यांनी धावून गाडी धरली. भुऱ्याच्या पायाकडच्या काचेवर मी आदळले. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा तिनं कोपऱ्यावर मारलं आणि काच साबुदाण्यासारखी सांडली. मी आत जाऊन पडले. आतली हवा बाहेर आली तेव्हा मयुरानं तोंड फिरवलं. मला मात्र ती हवा नवी नव्हती.

त्यांनी भुऱ्याला बाहेर काढून झाडाच्या उरलेल्या सावलीत निजवलं. कुणी पाण्याचा जार आणला, मयुरानं ओढणी भिजवून त्याच्या पोटावर, पंजांवर ठेवली. आणि तेवढ्यात देवराव बाहेर आले. उजवा हात खरकटा, डोक्यावर सत्काराची टोपी. काच फुटल्याचा आवाज कार्यालयात गेला होता. त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते हे:

"माझ्या गाडीची काच काहून फोडली गा?"

आवाज चढलेला होता. पण आवाज त्यांचा होता. भुऱ्याचे डोळे उघडले नाहीत, मान उचलली नाही. शेपटी तेवढी हलली. एकदाच.

मग देवरावांनी खाली पाहिलं.

त्यांनी भुऱ्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. इंदूबाई नुसतं "चला, चला" म्हणत होत्या. जवळच्या दवाखान्याला दुपारचं कुलूप होतं, म्हणून गाडी पुन्हा सदरकडे निघाली. मयुरा मागे बसली, भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी त्यांच्या पायाशी, काचेच्या चुऱ्यात. तो कांदाही तिथेच घरंगळत होता, या दारापासून त्या दारापर्यंत. देवराव एका खरकट्या हातानं स्टीअरिंग धरून गाडी हाकत होते आणि वरण त्यांच्या बोटांवर सुकत होतं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, पंखा लावला, जे करायचं ते सगळं केलं. पण आतून भाजलं होतं सगळं. ऊन उतरता उतरता भुऱ्या गेला. देवराव त्याला घेऊन बाहेर आले ते सत्काराच्या दुपट्ट्यात गुंडाळून. मयुराला म्हणाले, "पोरी, तू फोडली म्हनून त्यानं माझा आवाज तरी ऐकला." आणि गाडीच्या दाराला धरून भररस्त्यात रडले. लाइनमन माणूस, खांबावरून पडला तेव्हाही रडला नव्हता, असं इंदूबाई म्हणतात.

रोशनीचा फोन रोजच्या वेळेला आला. ती नेहमी आधी विचारायची, "भुऱ्या जेवला का?" त्या दिवशी देवरावांनी फोन इंदूबाईंच्या हातात दिला आणि अंगणात निघून गेले.

भुऱ्याला कन्हानच्या काठावर पुरलं, माझी माती जिथली तिथे. देवराव मला त्याच्या उशाला ठेवणार होते. इंदूबाईंनी अडवलं. "गाडीतच राहू द्या तिले," म्हणाल्या. "कधी कोनाची काच फोडा लागली तर?"

म्हणून मी इथे, मागच्या सीटवर, भुऱ्याच्या जागी. हँडब्रेक दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. आता मला काही काम नाही. अंग दमलंय. ज्या एका क्षणी मी खरोखर उपयोगी पडले, त्या क्षणाला उशीर झाला होता, आणि हे ओझं भिंतीच्या ओझ्याहून जड आहे. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच, की पाच मिनिटं म्हणून कुणाला मागे ठेवू नका. आपली पाच मिनिटं आपल्या हातात नसतात.

देवराव अजूनही लग्नाकार्याला जातात, नाही जाऊन कसं चालेल? गाडी कार्यालयासमोर लागते आणि मी फुटलेल्या काचेच्या जागी बसवलेल्या नव्या काचेतून दाराकडे बघत राहते. कर्ण्यावरून कुठल्याशा गाडीचा पुकारा होतो. लाल गाडी, काळी गाडी, भलत्याच नंबरची. आणि दारातून देवराव बाहेर येतात. आतून कुणीतरी हाक मारतं, "देवराव, तुमची गाडी नाही गा ते! जेवा ना!"

"माहीत आहे मले," ते म्हणतात.

मग ज्या गाडीचा पुकारा झाला ती शोधून तिच्या काचेला डोळे लावतात. आत नुसत्या सीटा असतात. ते थोडा वेळ तसेच उन्हात उभे राहतात, उजवा हात अंगापासून दूर धरून, न धुतलेला.