पट्टीवरची सही

नऊ वर्षं माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि आतल्या हातांचं वय सव्वीसच राहिलं. बाकीचा मी पस्तिशीचा झालो.

झालं ते आमच्या उतावळेपणामुळे. बॉक्सिंगमध्ये ग्लोव्हज चढवण्याआधी हातांना पट्टी गुंडाळतात आणि समोरच्या बाजूचा माणूस ती तपासून तिच्यावर सही करतो. सही झाली की लढत संपेपर्यंत पट्टी कापायची नाही. माझे प्रशिक्षक हमीद उस्ताद यांनी, आपली तयारी दिसावी म्हणून, लढतीच्या बोलणीच्या पहिल्याच दिवशी माझे हात बांधून मला अकोल्याच्या एका हॉटेलात नेलं. माझ्याशी लढणार होता त्या जयसिंग खानविलकरचे मॅनेजर पाठारे यांनीही हौसेने सही ठोकली. चहा झाला. मग रिंगमध्ये मागाहून कोण येणार, यावर गाडी अडली. मागाहून येतो तो मोठा, असा रिवाज आहे.

तोही विजेता, मीही विजेता. पाठारे म्हणाले, जयसिंग मागाहून येईल. उस्ताद म्हणाले, आमचा येईल. प्रत्येक नकाराला बैठकीचा हॉल एका फरशीने लांबायचा. पहिल्या वर्षी पाठाऱ्यांचा आवाज ऐकू यायचा. चौथ्या वर्षी त्यांचा निरोप घेऊन वेटर सकाळी निघायचा तो दुपारी आमच्यापाशी पोचायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जयसिंग एकदा लांबवर जांभई देताना दिसला, त्यानंतर दिसला नाही.

माझी मुलगी प्रांजल बोलणीच्या दुसऱ्या महिन्यात जन्मली. मी तिला कोपरांवर घेतलं. तिला ताप आला की कपाळाला ओठ लावून बघायचो. बायको मला भरवायची; पुढे पुढे भरवताना बोलेनाशी झाली. लढत जिंकायची हौस केव्हाच मेली होती. मला फक्त पोरीच्या गालावरून एकदा हात फिरवायचा होता.

शेवटी मीच कंटाळून कळवलं, मी आधी येतो, जयसिंगला येऊ द्या मागाहून. पाठाऱ्यांचा उलट निरोप आला, आम्हाला उपकार नकोत. हॉल आणखी दोन फरश्यांनी लांबला. मी उस्तादांपुढे हात धरले आणि म्हणालो, कापून टाका.

"त्याची सही हाये ना वर?" उस्ताद म्हणाले. "मंग लढतीशिवाय कशी कापू?" त्यांचेही डोळे थकले होते.

गेल्या सोमवारी मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. अशी लढत कधी ठरलीच नव्हती आणि तिची बोलणीही कधी झाली नव्हती, असं कागदावर लिहून दोघांनी खाली सह्या केल्या. मी पट्टीकडे पाहिलं. तिच्यावरची सही गेली होती.

घरी गेलो तेव्हा प्रांजल नुकतीच शाळेतून आली होती. जीभ दातांत धरून तिनेच शिवणाच्या कात्रीने पट्ट्या कापल्या. आतून हात निघाले, तरणेताठे, मुठी घट्ट वळलेले.

"उघडा ना, बाबा," ती म्हणाली आणि तिने गाल पुढे केला.

मी सगळा जीव लावून उघडायला गेलो. पण ती कोण हे त्या हातांना ठाऊक नव्हतं. दोन्ही मुठी वर आल्या, हनुवटीशी थांबल्या, आणि माझा डावा पाय आपोआप पुढे सरकला.