पोर्तुगालच्या याद्या

शुक्रवारी दुपारी चारच्या आत पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, असं धरमपेठेतल्या कन्सल्टन्सीच्या विक्रम सरांनी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मयुरीच्या बाबांनी शांतपणे विचारलं, "मंग याद्या कधी करायच्या?"

मयुरीने डोळे मिटले. हे येणार, हे तिला माहीत होतं.

तिचे बाबा, बाबनराव, मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते, पण ते पोटासाठी. त्यांची खरी ख्याती वेगळी होती. गोळीबार चौकापासून उमरेडपर्यंत विणकरांच्या घरात लग्न ठरलं, की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसून कोणता खर्च कोणी करायचा ते कागदावर उतरवत, आणि त्या बैठकीला बाबनराव लागतच. मांडव कोणाचा, बँड कोणाचा, नवरदेवाचे बूट कोणाचे. चाळीसेक लग्नांच्या याद्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यातलं एकही लग्न बुटांवरून मोडलं नव्हतं.

इथे लग्न नव्हतं. मयुरी टेक्सटाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पोर्तुगालमधल्या एका लहानशा हातमाग कारखान्यात तिला तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. मिळाली म्हणजे, तीस हजार भरून झाले होते आणि दोन लाख नव्वद हजार भरायचे होते. घरात दीड-दीड लाखाच्या दोन एफडी होत्या. दोन्ही आईच्या विम्याच्या. आई जाऊन चौदा महिने झाले होते. बाबा त्यांना एफडी म्हणत नसत, "ते कागद" म्हणत. मयुरीला जायचं होतं, आणि ते कागद मोडायला नको होते, आणि या दोन गोष्टी काही केल्या एकत्र बसत नव्हत्या.

"दोन्ही कागद मोडतो," बाबा म्हणाले. "पण याद्या झाल्याबिगर एक रुपया हलणार नाही."

"बाबा, इंटर्नशिपच्या याद्या नसतात."

"काहून नसतात? पोरगी आपल्या घरून जाऊन राहिली, राहणार तिकडच्या घरी, काम करणार तिकडचं, आन् खर्च सारा आपला. मंग हे लग्न नाही त काय आहे?"

"तीन महिन्यांचं आहे."

"आजकाल लग्नंही तेवढीच टिकतात," स्वयंपाकघरातून मनकर्णा आत्या म्हणाली.

तिकडच्या माणसांशी समोरासमोर बोलल्याशिवाय चेक नाही, असं बाबांनी कळवलं. विक्रम सरांना वाटलं, व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडून नमस्कार-चमत्कार होतील आणि चेक मिळेल. ते गुरुवारी तीन वाजता आले. तिकडे तेव्हा सकाळ होती. चौरंगावर लॅपटॉप ठेवला होता. समोर सतरंजीवर शेजारचे चंपतराव बसले होते. ते निवृत्त मास्तर, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्यापुढे फुलस्केप कागद होता. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, वर श्रीगणेश, खाली दोन रकाने: मुलीकडील आणि पोर्तुगालकडील.

पडद्यावर कारखान्याच्या मालकीण हेलेनाबाई आल्या. पांढरे केस, दणकट हात, मागे माग. बाबांनी आधी माग पाहिला, मग बाईंना नमस्कार केला.

"ही सगळी माणसं मला बघायला आली आहेत का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

मयुरीने हळदकुंकवाकडे पाहिलं. नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं.

चंपतरावांनी कन्सल्टन्सीच्या खर्चपत्रकावरून उतरवलेली यादी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली आणि मयुरी भाषांतर करू लागली. विमानाचं तिकीट, मुलीकडील. बाईंनी मान हलवली. व्हिसा आणि विमा, मुलीकडील. मान हलली.

"राहण्याची खोली, नव्वद हजार, मुलीकडील."

"अंकल, हे सगळं पॅकेजमध्ये आहे," विक्रम सर घाईने म्हणाले. "मॅडमला काहून तकलीफ द्यायची? मी सांगतो ना."

"तुम्ही मधले," बाबा म्हणाले. "मधल्याचा हो यादीत चालत नाही. पोरी, विचार त्यायले."

मयुरीने विचारलं. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. कसले नव्वद हजार? खोली कारखान्याच्या वरच आहे. शिकायला येणारी मुलं तिथेच राहतात. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नव्हते.

चंपतराव पेन उचलून थांबले.

"वाचा, गुरुजी."

"यजमानांस देणगी, साठ हजार, मुलीकडील."

यावर बाई हसल्या. म्हणाल्या, पैसे तर उलट त्या स्वतः मयुरीला देणार आहेत, दर महिन्याला अडीचशे युरो. कन्सल्टन्सीला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं. पत्र मिळालं नाही का?

"नेटवर्क जाऊन राहिलं वाटते," असं म्हणत विक्रम सरांनी लॅपटॉपकडे हात नेला. आत्याने त्या हातात पोह्यांची बशी दिली.

"खा गा बापू. गरम आहेत. घामच फुटला तुले."

मयुरीला वाटलं, आता बाबा उठतील, ओरडतील. पण बाबांचा आवाज चढला नाही. मधला माणूस दोन्हीकडे दोन आकडे सांगतो, हे त्यांनी चाळीसपैकी निदान पंधरा लग्नांत पाहिलं होतं. बैठकीत भांडायचं नसतं, खोडायचं असतं.

"गुरुजी, खोडा. पट्टीने खोडा, नीट दिसलं पाह्यजे. विक्रमराव, तुमचं काय लिहायचं? मधल्याचा मान आमच्यात असते. तीस हजार पोचले. आणखी शाल आन् नारळ. पुरे ना?"

"अंकल, प्रोसेसिंगचे अजून तीस..."

"बाई पाहून राहिल्या."

विक्रम सरांनी पाहिलं. बाई खरंच पाहत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सही केली. मग पोहे संपवले, कारण आत्या उठू देत नव्हती.

राहिले एक लाख दहा हजार. मयुरीने मनात दोनदा बेरीज केली. एक कागद मोडावा लागणार होता. एक तसाच राहणार होता. बाबांनीही तीच बेरीज केली असावी, कारण त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला बराच वेळ पुसला.

बाईंनी सांगितलं, मुलगी येईल तेव्हा कागद घेऊन यावं, त्या तिथे सही करतील. त्या गेल्यावर बाबांनी मुलीकडील रकान्यात सही केली आणि पेन मयुरीपुढे धरलं.

"मी कशाला?"

"चाळीस याद्या केल्या म्या," बाबा कागदाकडे पाहत म्हणाले. "त्यात पोरीची सही एकाही कागदावर नाही. कोणी मांगितली नाही. मीही नाही."

चंपतरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "पण बाबनराव, हिच्यासाठी जागाच नाही सोडली. कोणत्या रकान्यात घेऊ?"

"मधात."

मयुरीने दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवरच सही केली. थोडी तिरकी आली.

आत्या ओल्या हातांनी दारात उभी राहून बघत होती. "माह्या यादीच्या वक्ताले मी अंदर पापड तळून राहिली होती," ती म्हणाली. "तीन डबे तळले. वऱ्हाडाच्या जेवणाचा खर्च कोणाकडं गेला, हे मले लग्नानंतर सासूने सांगितलं."

आत्याने पदराला हात पुसले, चंपतरावांच्या हातातून पेन घेतलं, आणि मयुरीच्या सहीखाली, कोणाच्या बाजूने ते न सांगता, एकेक अक्षर कोरत लिहिलं: मनकर्णा.