शालूबाईचे तेवढे आवाज

मानसिंगचा फोन भरला होता, आणि भरणार नाही तर काय होणार? फौजेतनं सुटलेल्या दोस्तांच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं, देवी, झेंडे आणि कुणाकुणाच्या नातवंडांचे व्हिडिओ येऊन पडायचे, आणि हा गडी त्यातलं एकही पुसायचा नाही. शेवटी फोनच अडून बसला. नवीन काही घेईना, बोलता बोलता बंद पडायला लागला. दुसरा कुणी म्हणाला असता, जाऊ दे, नवा घेऊ. पण ह्या फोनमध्ये त्याच्या बायकोचे, शालूबाईचे, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेले दोनशेवर निरोप होते, आणि शालूबाईला जाऊन अकरा महिने झाले होते.

शालूबाईला लिहिता येत नव्हतं. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, एवढं तिला लेकीनं, अंकितानं, शिकवलं होतं. मानसिंग तेव्हा साताऱ्यात एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला होता, आणि ती इस्लामपूरजवळच्या गावात घर, म्हैस आणि दीड एकर ऊस सांभाळून होती. तिनं फोन केला की हा 'हां, हां, बरं, ठेव' म्हणून मोकळा. मग ती बिचारी बोलून पाठवायची. पहिलाच निरोप त्यानं गेटवरच्या केबिनमध्ये लावला, तर तिचा खणखणीत आवाज बाहेरच्या ट्रक ड्रायव्हरपर्यंत गेला. धार काढताना म्हशीनं कशी लाथ मारली आणि दुधाची बादली कशी उडाली, त्याची साग्रसंगीत हकिकत. केबिनमधले गडी आठवडाभर त्याला विचारत होते, हवालदार, म्हैस कशी हाय? झालं, साहेबांची इज्जत गेली! तिथून पुढं निरोप आला की तो लावायचा, तिचे पहिले दोन-तीन शब्द आले की लगेच बंद करायचा, आणि ऐकलं म्हणून तिला खुशाल कळवायचा. तिला कळलं असतं तर तिनं त्याची चांगली खरडपट्टी काढली असती.

आणि मग तो मंगळवार. सकाळी अकराच्या सुमाराला तिचा निरोप आला, चांगला चार मिनिटांचा. एवढा लांब तिनं कधी पाठवला नव्हता. गेटवर गाड्यांची रांग लागली होती. सवडीनं ऐकू म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. दुपारी शेजारच्या राहीबाईनं फोन करून सांगितलं, की शालू गोठ्यात पडलेली सापडली. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले.

तो निरोप लावायची मानसिंगची छाती पुढं कधी झालीच नाही. बर्फात रायफल घेऊन उभा राहिलेला माणूस, चार मिनिटांच्या आवाजाला भ्याला. दुखतंय म्हणाली असली तर? लवकर या म्हणाली असली तर? नोकरी सोडून तो गावी आला, आणि आज ऐकू, उद्या ऐकू करत अकरा महिने काढले.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि अंकिता येणार होती. तिनं पुण्यात जातीबाहेर लग्न केलं म्हणून शालूबाईनं दीड वर्ष तिच्याशी अबोला धरला होता, आणि तो मोडायच्या आतच ती गेली. पोर तेव्हापासून आतल्या आत झुरत होती. तिनं फोनवर भीत भीत विचारलं, शेवटच्या निरोपात आई माझं काही बोलली का? मी ऐकलाच नाही, असं मानसिंगला सांगवेना. तो म्हणाला, तू ये, तूच ऐक. लेक शेजारी बसली तर आपल्यालाही ऐकायचं बळ येईल, असं त्याला वाटलं. तोवर फोन मरायला नको, एवढंच.

म्हणून लेकीला सांगून तो इस्लामपुरात पारसच्या मोबाइलच्या दुकानात गेला.

"ह्यातलं शालूबाईचं आवाज तेवढं काढ," तो म्हणाला.

"सगळेच काढू, काका?"

"समदं. एकबी आत ऱ्हाऊ देऊ नगंस."

कोण ह्या, असं पारसनं विचारलं. मालकीण, वारली, असं मानसिंगनं सांगितलं. पारस जरा थांबला आणि नक्की ना, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. किती काळजीनं काम करतोय, असं मानसिंगला वाटलं. पाच मिनिटांत पारसनं फोन परत दिला. मानसिंगनं खिशातनं नवं कोरं मेमरी कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"आता ह्यात घाल."

पारस कार्डाकडं बघत राहिला. "काय घालू, काका?"

काढ म्हणजे फोनमधनं बाहेर काढून कार्डात ठेव, असं मानसिंगच्या मनात. आणि पारसकडं दिवसभर गिऱ्हाइकं येतात, फोन भरलाय, हे काढ, ते काढ म्हणतात, तेव्हा ते पुसायलाच सांगत असतात. त्यात माणूस गेलेलं. आवाज ऐकवत नसतील, असं त्याला वाटलं, आणि त्यानं मुकाट्यानं पुसून टाकले. आता कार्ड बघून पारसला आपली चूक कळली. दोन तास तो त्या फोनशी झटला. कुठं कॉपी ठेवायची सोय मानसिंगनं कधी चालूच केली नव्हती. शालूबाईचा स्वतःचा फोन दहाव्यालाच तिच्या भाच्याला देऊन टाकला होता, आणि भाच्यानं तो त्याच दिवशी साफ करून घेतला होता. सगळे दोर कापलेले.

पारस हात जोडून उभा राहिला. मानसिंगला त्याच्यावर ओरडता येईना. ओरडणार कुठल्या तोंडानं? अकरा महिने निरोप त्याच्याच खिशात होता. आणि खरं सांगायचं तर त्याला क्षणभर हायसंच वाटलं, की आता ऐकावं लागणार नाही. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला इतकी लाज वाटली, की तो तसाच दुकानातनं उतरला.

स्टँडवर गावाची एसटी लागली होती तेवढ्यात अंकिताचा फोन आला.

"काढले का, आण्णा?"

"काढलं."

एवढं तरी खरं होतं. मग ती म्हणाली, परवापर्यंत धीर धरवत नाही, तुम्ही तर शेवटचा ऐकलाय, एवढं एकच सांगा, माझं नाव तरी घेतलं का तिनं?

मानसिंगनं डोळे मिटले.

"तुझी लय आठवण काढली गं तिनं."

तिकडं अंकिता ढसाढसा रडायला लागली. तो फोन कानाला लावून ऐकत राहिला. पाप लागलं तर आपल्याला लागू दे, पोर तरी सुटली, असं त्याला वाटलं. एसटी भरली, कंडक्टरनं हाक मारली, एसटी निघून गेली. तो तिथंच उभा राहिला. बऱ्याच वेळानं अंकितानं नाक ओढलं.

"आण्णा, ती जशी बोलली, तसंच सांगा ना. तिच्याच बोलण्यात."

मानसिंगनं तोंड उघडलं. म्हशीची हकिकत सोडली तर दोनशे निरोपांतलं त्याला काय ठाऊक होतं? तो बंद करायचा तिथवरचं.

"आवं, ऐकलंसा का," तो म्हणाला.

अंकिता पुढचं ऐकायला थांबली. पुढचं त्याला येत नव्हतं.