शेवटच्या दोन ओळी

चिमटेमामाच्या कामाच्या खोलीत शिंकायची सोय नव्हती. नाक हुळहुळलं की माणसं बाहेर पडून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या फुटपाथवर शिंकून येत असं सांगतात, आणि सांगणारे थोडं कमीच करून सांगतात. दप्तरखान्यातले फाटके कागद सांधण्यात मामाची अडतीस वर्षं गेली. कागद चिमट्यानं उचलायचा आणि त्यावरचा मजकूर कधी वाचायचा नाही. "मजकुरात जीव गुंतला की हात थरथरतो," म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याच्याकडे एक पत्र सोपवलं. तिच्या एकुलत्या लेकीनं जाण्याच्या आदल्या आठवड्यात इस्पितळातून लिहिलेलं. पातळ कागद, घड्यांवर चिरलेला. शेवटच्या दोन ओळी सोडून ताईनं ते वाचलं होतं.

"त्या वाचल्या की पोरीचं माझ्याशी बोलणं संपलं. मनाची तयारी झाली की वाचीन. तू तेवढं सांधून ठेव."

सहकाऱ्यांची उचकापाचक ठाऊक असल्यानं मामानं पत्राच्या तळाशी पिवळी स्टिकी नोट डकवली : 'हात लावू नये'. आठ दिवसांपुरती. एका कारकुनानं जुन्या सनदेला अशीच नोट लावली तेव्हा मामानं त्याला इतकं झापलं होतं, की तो बदली मागून गेला. पण हे पडलं घरचं काम, मागे राहत गेलं. ताईनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "झालंच समज."

आज ताई स्वतः आली. "झाली तयारी. दे."

मामानं कपाटातून पत्र काढलं. दोन उन्हाळ्यांत नोटेचा गोंद कागदात मुरला होता. श्वास रोखून त्यानं खालून पातळ पातं सरकवलं. नोट निघाली. तिच्याबरोबर कागदाचा पापुद्राही निघाला, शाईसकट.

"थांबलास का?"

"ताई, त्या ओळी…"

तिनं पाहिलं. तळाशी नुसतं पिंजलेलं पांढरं. मामानं नोट उलटी करून भिंग लावलं. गोंदात चिरडलेल्या मुंग्यांसारखे शाईचे ठिपके. अक्षर एकही नाही.

"तू वाचलं असशील ना रे?"

त्यानं भिंग खाली ठेवलं.

"अडतीस वर्षांत एकदा तरी नियम मोडायचास, मेल्या." ती रागावली नव्हती. रागावण्याएवढं तिच्यात काही उरलं नव्हतं.

काहीतरी गोड रचून सांगावं, असं मामाच्या मनात आलं. भाची कशी लिहायची ते हवं, म्हणून तो पत्र वरून वाचू लागला. जेवण बेचव आहे. रात्रपाळीची नर्स घोरते. आई, तू तुझ्या गोळ्या वेळेवर घे. शेवटचं शाबूत वाक्य होतं : 'बरं, आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.'

"तिथंच मी थांबले होते," ताई म्हणाली.

पत्र न घेताच ती दार लोटून गेली. नोट मामाच्या बोटाला चिकटली होती. झटकून टाकावी की जपून ठेवावी, त्याला कळेना. पोरीचं शेवटचं बोलणं आता त्या नोटेच्या पाठीवर होतं.